‘दीवुस’ म्हणजे देव नव्हे

कृष्णेच्या खोऱ्यातील नागार्जुनकोंडा हे नाव हैदराबादकर मराठी वाचकांना नवे नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्या नगरीच्या अवशेषांत बौद्ध स्तूप आणि शिल्पपट यांच्याबरोबर काही रोमन सोन्याची नाणीही मिळाली आहेत. त्यांपैकी एक टायबेरियस या सम्राटाचे आहे आणि एक सम्राट अँटोनायनस पायस याची पत्नी थोरली फॉस्टिना हिचे. हे दुसरे नाणे इ. स. १४१ च्या सुमाराचे आहे. फॉस्टिना मरण पावली ती इ. स. १४० मध्ये. म्हणजे हे नाणे टांकसाळीतून बाहेर पडले तेव्हा त्यावरील मुखाची धनीण या जगात नव्हती. रोमच्या सीनेटने तिला देवत्व बहाल केले होते, आणि नाणी तिला आता ‘दीवा फॉस्टिना’ म्हणत होती.

मृत सम्राटांच्या आणि सम्राज्ञींच्या देवत्वाची ग्वाही देणाऱ्या अशा नाण्यांविषयी लिहिताना इतिहासकार त्यांतून कालनिर्णय काढतो, संग्राहक त्यांची दुर्मिळता पाहतो. आम्ही दोहोंपैकी कोणीच नाही. आम्हांस ही नाणी एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचावयाची आहेत. सुमारे १९ मिलिमीटर व्यासाच्या आणि पाऊण तोळ्याहूनही कमी वजनाच्या त्या सोन्याच्या तुकड्यावर दोन बाजू, दोन चित्रे आणि चारसहा संक्षिप्त शब्द एवढाच मजकूर मावतो. पण मजकूर लहान असला म्हणून तो निरागस असतो असे नव्हे. मृताची स्तुती करणाऱ्या कोणत्याही लेखनाला जो प्रश्न विचारावयास हवा, तोच या नाण्यांनाही विचारता येतो: हे बोलणे खरोखर कोणाविषयी आहे?

प्रथम शब्दाचा विचार करू. लॅटिनमध्ये देवासाठी ‘देउस’ हा शब्द आहे. ‘दीवुस’ हा त्याचा सख्खा भाऊ. पण साम्राज्यकाळात त्याचा अर्थ बांधला गेला तो मरणोत्तर देवपद मिळालेला मनुष्य असा. ज्युपिटर हा ‘देउस’, ऑगस्टस हा ‘दीवुस’. मराठी पुस्तकांत याचे भाषांतर ‘देव ऑगस्टस’ असे केलेले आढळते, तेव्हा आम्हांस ते खटकते. आपल्याकडे ‘देव’ हे जिवंत राजाचे संबोधन होते. संस्कृत नाटकांतील सेवक समोर बसलेल्या राजाला ‘देव’ म्हणतात. रोममध्ये नेमके उलट होते. तेथे अधिकृतपणे ‘दीवुस’ व्हावयाचे तर आधी मरावे लागे. मग ‘कैलासवासी’ म्हणावे काय? मराठ्यांच्या कागदपत्रांत ‘थोरले कैलासवासी स्वामी’ असा उल्लेख येतो, त्याची येथे आठवण होते. परंतु कैलासवास कोणाही सामान्य मृताला लाभतो. त्यासाठी ठराव लागत नाही. ध्वनी आणि मूळ या दोन्ही दृष्टींनी जवळचा मराठी शब्द आहे तो ‘दिवंगत’. ‘दिव्’ म्हणजे प्रकाशमान आकाश. देव, देउस, दीवुस आणि दिवंगत ही सारी त्याच कुळातील मंडळी. फरक इतकाच की आपला दिवंगत स्वतः तेथे जातो आणि रोमन दीवुसला तेथे पाठविले जाते.

पाठविणारी संस्था होती सीनेट. ही गोष्ट आम्हांस, आयुष्यभर सरकारी कागद हाताळलेल्या माणसास, विशेष लक्षवेधक वाटते. रोममधील देवत्व हा मंजुरीचा विषय होता, म्हणून ते नामंजूरही होऊ शके. पहिल्या पाच सम्राटांपैकी ऑगस्टस आणि क्लॉडियस या दोघांनाच ते मिळाले. टायबेरियस, कॅलिग्युला आणि नीरो यांना मिळाले नाही. पुढे डोमिशियनचे तर नावच शिलालेखांतून खोडण्यात आले. ‘दीवुस’ ही पदवी त्यामुळे पोकळ नव्हती. ती न मिळण्याची भीती प्रत्येक सम्राटाला होती. मात्र मंजुरीचा प्रस्ताव मांडणारा असे तो वारस, आणि नाणे पाडणाराही तोच.

या प्रथेचा आरंभच पाहा. ज्युलियस सीझरची हत्या इ. स. पू. ४४ मध्ये झाली. त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ झालेल्या खेळांच्या वेळी आकाशात धूमकेतू दिसला आणि लोकांनी तो त्याचा आत्मा मानला. इ. स. पू. ४२ मध्ये सीनेटने त्याच्या देवत्वावर शिक्कामोर्तब केले. इ. स. पू. ३६ मध्ये त्याचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन याने सोन्यात आणि चांदीत एक नाणे पाडले. एका बाजूस ऑक्टेव्हियनचे, शोकाची दाढी राखलेले मुख आणि ‘दीवुसचा पुत्र’ ही उपाधी. दुसऱ्या बाजूस चार खांबांचे मंदिर, त्याच्या त्रिकोणी माथ्यावर तारा आणि खाली ‘दीवुस ज्युलियसला’ ही अक्षरे. आता गंमत अशी की या मंदिराचे लोकार्पण झाले इ. स. पू. २९ मध्ये. जे मंदिर रोममध्ये अजून उभे राहावयाचे होते, ते नाण्यावर सात वर्षे आधीच उभे होते! आणि ज्याचे मंदिर, तो एका बाजूस केवळ नावापुरता. मुख मात्र मुलाचे. स्मारक पित्याचे आणि पत्ता पुत्राचा, असे हे लेखन आहे.

टायबेरियसने हीच रीत आणखी घट्ट केली. त्याच्या कारकीर्दीच्या आरंभीच्या एका सोन्याच्या नाण्यावर एका बाजूस तो स्वतः, ‘दीवुस ऑगस्टसचा पुत्र’; दुसऱ्या बाजूस ऑगस्टसचे मस्तक, वर तारा आणि ‘दीवुस ऑगस्टस, दीवुसचा पुत्र’ हे शब्द. एवढ्याशा वर्तुळात तो एक शब्द तीन वेळा आला आहे. वाङ्मयात विशेषणाची पुनरुक्ती झाली की चोखंदळ वाचक सावध होतो. येथेही व्हावे. टायबेरियस हा ऑगस्टसच्या पोटचा मुलगा नव्हता. पत्नीच्या आधीच्या विवाहातील मुलगा, तोही इतर वारस निघून गेल्यावर दत्तक घेतलेला. जेथे नाते सहज असते तेथे ते तीनदा सांगावे लागत नाही.

या प्रकारातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र क्लॉडियसचे. इ. स. ५४ च्या ऑक्टोबरात तो मरण पावला. पत्नी ॲग्रिपिना हिने विषप्रयोग केला, अशी वदंता प्राचीन इतिहासकारांनी नोंदविली आहे. तिचा सोळा वर्षांचा मुलगा नीरो गादीवर आला. लगेच क्लॉडियसला देवत्व मिळाले आणि त्याचे सोन्याचे नाणे निघाले. एका बाजूस पर्णमुकुट ल्यालेले मस्तक व ‘दीवुस क्लॉडियस ऑगस्टस’. दुसऱ्या बाजूस देवप्रतिमा वाहून नेणारा चार घोड्यांचा शृंगारलेला रथ, आणि त्यावर लॅटिनमधील एक छोटा संक्षेप, ज्याचा अर्थ ‘सीनेटच्या ठरावान्वये’. आमच्यासारख्याला हे तीन शब्द वाचून क्षणभर आपल्याच कार्यालयात आल्यासारखे वाटते. देवत्व आहे, परंतु ठरावान्वये!

याच प्रसंगावर दुसरे एक लेखन झाले आणि ते लॅटिन उपहासवाङ्मयात अमर आहे. तत्त्वज्ञ सेनेका हा नीरोचा गुरू आणि सल्लागार. डायो कॅसियस या इतिहासकाराच्या साक्षीनुसार त्याने क्लॉडियसच्या देवत्वावर एक विडंबन लिहिले आणि त्याला ‘अपोकोलोकिंतोसिस’ असे नाव दिले. देवत्वप्राप्ती या ग्रीक शब्दाची मोडतोड करून केलेल्या या नावाचा अर्थ साधारण ‘भोपळा होणे’ असा आहे. मराठीत भोपळा म्हणजे शून्यही असल्याने आपल्या अनुवादकाचे काम आपोआप सोपे होते. या कथेत क्लॉडियस लंगडत स्वर्गाच्या दारी येतो, देवांची रीतसर सभा भरते, आणि त्याच्या प्रवेशाला सर्वांत कठोर विरोध करतो तो स्वतः ऑगस्टस, कारण आपल्या वंशजांचे खून त्याला आठवतात. क्लॉडियसची रवानगी पाताळात होते. तेथे त्याच्या खटल्यात दुसरी बाजू ऐकलीच जात नाही, कारण तो स्वतः न्यायदान असेच करीत असे. आणि शेवटी तो एका मुक्त दासाच्या हाताखाली कारकून होतो.

हे विडंबन वाचताना हसू आवरत नाही, आणि रूढ समीक्षा त्याला सत्तेच्या खोट्या स्तुतीवरचा निर्भय प्रहार म्हणून गौरविते. येथे आमचे मत वेगळे आहे. टॅसिटसने नोंदविले आहे की क्लॉडियसच्या अंत्यविधीत नीरोने जे स्तुतिपर भाषण केले ते सेनेकाने लिहून दिले होते, आणि त्यात मृताच्या शहाणपणाचा उल्लेख येताच श्रोत्यांना हसू आले. त्याही मागे जावे. क्लॉडियसने सेनेकाला आठ वर्षे कॉर्सिका बेटावर हद्दपार केले होते. त्या काळात सेनेकाने क्लॉडियसच्या एका वजनदार मुक्त दासाला सांत्वनपर लेख लिहिला आणि त्यात सम्राटाची भरभरून स्तुती केली. म्हणजे एकाच माणसाविषयी एकाच लेखणीने तीन प्रकारे लिहिले: तो जिवंत व सामर्थ्यवान असताना स्तुती, तो मेल्यावर व्यासपीठासाठी स्तुती, आणि त्याच सुमारास मंडळींच्या करमणुकीसाठी हेटाळणी.

पण खरी मेख विडंबनाच्या आतच आहे. क्लॉडियसच्या आयुष्याचा धागा तुटतो त्याच ठिकाणी दैवाच्या देवता नीरोसाठी नवा धागा कातू लागतात, आणि तो सोन्याचा होतो. अपोलो देव गाऊन त्या तरुणाच्या तेजाची वाखाणणी करतो. उपहासाच्या ऐन मध्यभागी ही निखळ राजस्तुती बसविलेली आहे. मग नाणे आणि विडंबन यांत फरक काय राहिला? नाण्याने मृताला चढविले ते नीरोला ‘दीवुसचा पुत्र’ म्हणवून घेता यावे म्हणून. विडंबनाने मृताला उतरविले ते नीरो अधिक उजळ दिसावा म्हणून. ही दोन्ही लेखने एकाच टांकसाळीतून निघाली आहेत, असे आम्हांस वाटते. सेनेकाची शैली निर्विवाद श्रेष्ठ आहे. पण मेलेल्या राजावर हसण्याला धैर्य लागत नाही. ते जिवंत राजावर हसण्याला लागते.

आणि नाण्याचे पुढे काय झाले? इ. स. ५४ व ५५ च्या नाण्यांवर नीरो ‘दीवुसचा पुत्र’ आहे. लौकरच सोन्याचांदीच्या नाण्यांवरून ते शब्द गळाले. गादी स्थिर झाली होती आणि देवत्वाची गरज संपली होती. सुएटोनियस सांगतो की नीरोने क्लॉडियसचे हे मानपद रद्दच केले आणि व्हेस्पेशियनने ते पुन्हा दिले. ठरावान्वये आलेले ठरावान्वये गेले, आणि ठरावान्वये परत आले.

या सर्वावरून ही नाणी म्हणजे केवळ ढोंग, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही घाईचा ठरेल. हेड्रियनचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. इ. स. ११७ मध्ये ट्राजनच्या मृत्युशय्येवर त्याचे दत्तकविधान झाले, असे जाहीर झाले. पण ती पत्रे ट्राजनची पत्नी प्लोटिना हिच्या सहीने गेल्याचे डायो सांगतो. पुढे हेड्रियनने जे सोन्याचे नाणे पाडले त्यावर ट्राजन आणि प्लोटिना समोरासमोर आहेत, दोघांच्या माथ्यावर तारे आहेत, आणि शब्द आहेत ‘देवत्व पावलेल्या मातापित्यांस’. संशयित कागदपत्राला मागाहून मिळालेली ही सोन्याची मुद्रा होय. परंतु यात कृतज्ञताही आहे. कारण प्लोटिनाचे ऋण लपविण्याऐवजी त्याने ते उघड मांडले आहे.

हेड्रियन स्वतः इ. स. १३८ मध्ये वारला तेव्हा सीनेट त्याला देवत्व देण्यास राजी नव्हती. त्याच्या हातून सीनेटरांचे बळी गेले होते. त्याचा दत्तक पुत्र अँटोनायनस याने आग्रह धरला. डायोच्या वृत्तांतानुसार त्याचा युक्तिवाद बिनतोड होता: हेड्रियनची कृत्ये निंद्य म्हणून रद्द करावयाची तर आपले दत्तकविधानही रद्द होते, मग आपण राज्य कोणत्या अधिकाराने करावयाचे? सीनेट नमली. या आग्रहामुळेच त्याला ‘पायस’, म्हणजे कर्तव्यनिष्ठ, हे उपनाम मिळाले, असे एक प्राचीन मत आहे. येथे वारसाचा स्वार्थ आहेच; पण तो लपविलेला नाही, आणि सोयीचे होताच टाकूनही दिलेला नाही.

याच अँटोनायनसने नागार्जुनकोंड्यास पोहोचलेले ते फॉस्टिनाचे नाणे पाडले. तिच्या मृत्यूनंतर तो सुमारे वीस वर्षे जगला आणि ‘दीवा फॉस्टिना’ची नाणी त्याच्या उर्वरित कारकीर्दीत निघत राहिली. त्यांवर ‘चिरंतनता’ हा शब्द आहे, जूनो देवीचा मोर आहे. तिचे मंदिर रोमच्या फोरममध्ये उभे राहिले. पुढे त्याचे चर्च झाले आणि त्याचे खांब आजही जागेवर आहेत. त्यावर प्रथम तिचेच नाव होते. पतीचे नाव त्याच्या मृत्यूनंतर वरच्या ओळीत आले. पण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते तिच्या नाण्यांतील एक दुर्मिळ सोन्याचे नाणे. त्यावर लहान मुलींना सम्राटापुढे आणलेले दाखविले आहे आणि शब्द आहेत ‘फॉस्टिनाच्या मुली’. पत्नीच्या स्मरणार्थ अँटोनायनसने निराधार मुलींच्या पोषणाची व्यवस्था केली होती, तिचे हे नाव. येथे देवत्वाचा दावा प्रथमच तिसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडलेला दिसतो. मृत बाई आणि जिवंत सम्राट यांच्यामध्ये त्या मुली उभ्या आहेत.

जवळजवळ त्याच शतकातील एक आपल्याकडचा लेख येथे आठवतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री हिने दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची जी प्रशस्ती कोरविली आहे, तीत त्याचा पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा म्हटला आहे. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही उपमा झाली. माणूस माणूसच राहतो, फक्त त्याच्याशेजारी देव उभे केले जातात. रोमन नाण्यावरील ‘दीवुस’ ही ना उपमा ना रूपक. तो निर्णय आहे. त्यामुळे मातेची अतिशयोक्ती आपण प्रेमाने ऐकून घेतो आणि सीनेटचे मोजके शब्द तपासून पाहतो. पण नाशिकच्या लेखाचे खरे बळ त्याच्या उपमांतही नाही. तो लेख मुळात दानलेख आहे. ते लेणे भिक्षुसंघाला राहावयास दिल्याची ती नोंद आहे. स्तुतीच्या शेवटी कोणाला तरी निवारा मिळतो. फॉस्टिनाच्या मुली आणि नाशिकचे भिक्षू यांच्यात आम्हांस हे साम्य दिसते.

उलट ज्या स्तुतीतून असे काहीच निघाले नाही, तिची काय गत होते, तेही काळाने दाखविले आहे. इ. स. २५० च्या सुमारास, बहुधा देकियुस या सम्राटाच्या काळात, जुन्या देवत्वप्राप्त सम्राटांची चांदीची एक मालिका निघाली. तीत ऑगस्टसपासून सेव्हेरस अलेक्झांडरपर्यंत अकरा नावे आहेत. क्लॉडियस त्यात नाही. मात्र ज्याच्या स्मृतीचा सीनेटने एकदा धिक्कार केला होता, तो कॉमोडस आहे. कारण सेप्टिमियस सेव्हेरसला त्याचा भाऊ म्हणवून घ्यावयाचे होते, म्हणून मागाहून त्यालाही देव करण्यात आले होते. वाङ्मयेतिहासातही अशा याद्या आपण पाहतो. कोण मोठा हे ठरविणारी यादी पुष्कळदा यादी करणाऱ्याच्या गरजेने ठरते, आणि पुढच्या पिढीला वाटते की हे मोठेपण निसर्गतःच होते.

भारतात आलेल्या या नाण्यांना येथे कसे वाचक मिळाले? तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये ५०१ रोमन सोन्याची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. ती चलनातून काढण्यासाठी हे केले असावे, असा एक तर्क आहे. कोणी का केले असेना, घाव घालणाऱ्याचा हात ‘दीवुसचा पुत्र’ या शब्दांपाशी अडखळलेला नाही. दुसरीकडे तेर आणि आमच्या जवळचे कोंडापूर येथे रोमन नाण्यांवरून घडविलेली मातीची पदके मिळाली आहेत. ज्याने ती गळ्यात घातली त्याला त्यावरील लॅटिन वाचता येत नसणार. एकाने मुख कापले, दुसऱ्याने ते मिरविले. मजकूर दोघांनाही नको होता. राजाज्ञेने लादलेला अर्थ राज्याच्या सीमेपाशी संपतो. सोन्याचे वजन आणि घडणीचे देखणेपण तेवढे पलीकडे जाते.

हे सारे लिहिताना आमच्या मनात रोमच केवळ नव्हते. निवृत्तीनंतर मंडळाच्या सभांसाठी शोकप्रस्तावांचे मसुदे करण्याचे काम अनेकदा आमच्याकडे आले, कारण सरकारी भाषेची सवय. ते कागद अलीकडे एकत्र पाहावयास मिळाले. एका दिवंगत सभासदाला आम्ही ‘ज्ञानमहर्षी’ म्हटले होते आणि त्यांच्या जाण्याने मंडळाची, मंडळाच्या परंपरेची व मंडळाच्या कार्यकारिणीची किती हानी झाली हे तीन वाक्यांत सांगितले होते. त्या गृहस्थांनी कित्येक वर्षे दर रविवारी ग्रंथालयात बसून फाटक्या पुस्तकांना कव्हरे घातली आणि हजारो पुस्तकांची सूचीपत्रे स्वतःच्या हाताने लिहिली, हे मात्र प्रस्तावात नव्हते. एकाच परिच्छेदात ‘मंडळ’ तीनदा आले होते. टायबेरियसच्या नाण्यावरही तो शब्द तीनदाच आहे.

परभाषेच्या प्रदेशात मराठीची वस्ती राखणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांना आपले दिवंगत फार जपावे लागतात. त्यांच्याखेरीज आपल्याजवळ दुसरा इतिहास नाही. म्हणूनच त्यांच्याविषयी लिहिताना पदवी किती उंच द्यावी याची चिंता करण्यापेक्षा त्यांनी काय केले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले, हे नोंदविणे अधिक गरजेचे आहे. फॉस्टिनाचे देवत्व आज कोणी मानीत नाही. पण तिच्या नावाने काही मुलींना अन्न मिळाले, हे त्या नाण्यावर अजून वाचता येते. त्या सभासदांवरील प्रस्ताव दुरुस्त करण्याची वेळ निघून गेली आहे. त्यांची सूचीपत्रे मात्र ग्रंथालयाच्या खणांत आहेत. त्यांचे अक्षर सुवाच्य आहे, आणि पुस्तक अजूनही त्यांवरूनच सापडते.